सात जणांची टोळी आणि आम्ही तिघं

गेल्या वाढदिवसाला मुलीनं पुण्याहून एक पार्सल पाठवलं. ते दोन दिवस टीव्हीच्या टेबलावर तसंच पडून होतं, कारण फोडायला कात्री हवी होती आणि कात्री स्वयंपाकघरात होती. बायकोनं शेवटी सुरीनं टेप कापली आणि म्हणाली, "घ्या, पुस्तक आहे. तुमचं तुम्हीच उचला, माझा हात भरून आला."

मी अमरावतीला राजापेठेतल्या एका कोचिंग क्लासमध्ये इंग्रजी शिकवतो. पंचवीसहून जास्त वर्षं झाली. सकाळी सातची पहिली बॅच, रात्री आठला शेवटची सुटते. तोच पॅसिव्ह व्हॉइस, तेच आर्टिकल्स, समोर दर वर्षी नवी पोरं आणि त्यांच्या त्याच जुन्या चुका. घसा तर केव्हाचाच गेलाय. घरी आल्यावर मी मानेनं हो-नाही करतो. पन्नाशीनंतर माणूस लगेच म्हातारा होत नाही, पण खुर्चीतून उठण्याआधी उठायची खरंच गरज आहे का, याचा विचार करायला लागतो.

पुस्तक जाड पुठ्ठ्याचं, पोळपाटाएवढं रुंद आणि दोन विटांएवढं वजनदार होतं. एका जुन्या इंग्रजी कॉमिक्सचे सगळे अंक एकत्र बांधलेले. सात अचाट शक्तीच्या माणसांची टोळी. मुलीनं चिठ्ठी ठेवली होती : बाबा, लहानपणी तुम्ही तुकड्यातुकड्यांनी वाचलेली गोष्ट हीच ना? आता पूर्ण वाचा.

होती तीच. मुखपृष्ठावरचे सातही जण मी लगेच ओळखले. पण आतलं एकही पान उलटायची इच्छा झाली नाही. दिवसभर अक्षरं वाचणाऱ्या माणसाला आणखी अक्षरं कशाला? पुस्तक कपाटावर गेलं आणि त्याच्यावर इस्त्रीचे कपडे साचायला लागले.

ही टोळी मला भेटली ती अकोल्यात. आम्ही जठारपेठेत भाड्यानं राहायचो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवायचे, लग्नात मुलीबरोबर द्यायच्या तसल्या. पेटीच्या झाकणावर गुलाब, मोर, बदकांची जोडी रंगवायचं काम दहाव्या-अकराव्या वर्षापासून त्याच्याकडे आलं होतं. त्याच्या घरी उर्दू बोलायचे, आमच्या घरी मराठी, आणि आम्ही दोघं एकमेकांशी वऱ्हाडी. त्याच्या ओळखीच्या एका रद्दीवाल्याकडे कधीकधी इंग्रजी कॉमिक्सचा गठ्ठा यायचा. मुंबईच्या बंदरावरून येतो म्हणायचे. बहुतेक अंकांची मुखपृष्ठं फाटलेली. रद्दीवाला आम्हाला तिथंच पोत्यांवर बसून वाचू द्यायचा. त्याची अट एकच होती, थुंकी लावून पान उलटायचं नाही.

टोळीतली सगळी माणसं आता सांगत बसत नाही. एक बाई होती, तिच्या हातात लोखंड लोण्यासारखं वितळायचं. एक तरुण होता, त्याची सावली त्याला सोडून चालायची. आणि एक म्हातारा होता. त्याची शक्ती एवढीच की तो थकत नसे. बाकीचे उडायचे, भिंती फोडायचे. हा नुसता चालत राहायचा, ओझी वाहत राहायचा. आम्हाला तो अजिबात आवडायचा नाही. ही काय शक्ती झाली? त्या वयात थकवा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, मग न थकण्याचं कौतुक कुठून असणार?

आम्हाला तिसरा अंक मिळाला, मग आठवा, मग चौथा. कोण कुणाचं कोण, कधी मेलं, कधी परत आलं, काही पत्ता लागायचा नाही. मी वडिलांची डिक्शनरी घेऊन संवादांच्या बुडबुड्यांतलं इंग्रजी सोडवायचो. तो एक अक्षर वाचायचा नाही. एकेका चित्रावर पाच-पाच मिनिटं डोळे लावून बसायचा आणि पेन्सिलनं शाळेच्या वहीत माणसांचे हात काढायचा. मुठी, बोटं, मनगटं. त्याच्या विज्ञानाच्या वहीत पानंच्या पानं हात होते. एकदा मास्तरांनी वही वर्गात फडकवून दाखवली होती.

पुढे मी इंग्रजीत एम. ए. झालो आणि अमरावतीला आलो. तो पेंटर झाला. अकोल्यात एक काळ असा होता की जठारपेठेतल्या निम्म्या दुकानांवर त्याच्या हातच्या पाट्या होत्या. अक्षराला सावली द्यावी तर त्यानंच. मग फ्लेक्स आले. एका तासात पाटी छापून मिळायला लागल्यावर चार दिवस शिडीवर उभं राहणाऱ्याची वाट कोण बघणार? त्यानं रेडियमचं दुकान टाकलं, गाड्यांच्या नंबरप्लेटा करायला लागला. त्यातच साखर लागली. आमच्या भेटी ईदला, लग्नाकार्यात, कुणाच्या मयतीला, एवढ्याच उरल्या.

एका शनिवारी त्याच्या बायकोचा फोन आला. आम्ही तिला भाभीच म्हणतो.

"भैया, यांचे डोये गेले," ती म्हणाली. "पूरे नाई गेले. उजेड-अंधार समजते. पर मानूस समोर बसला त कोन बसला थे समजत नाई. साखरेनं पडदे खराब केले म्हनते डॉक्टर. लेझर झालं, इंजेक्शनं झाली. आता काई होत नाई म्हनते."

"कधी झालं हे?"

"चार महिने झाले. कोनाले सांगू नको म्हने. आता बोलतच नाई. सकायपासून भितीले पाठ लावून बसते. तुमी या ना एक चक्कर."

रविवार हा माझा झोपायचा वार. खरं सांगायचं तर फोन ठेवल्यावर आधी वाईट वाटलं ते त्या गेलेल्या झोपेचं, मित्राचं त्यानंतर. हे लिहिताना लाज वाटते, पण झालं तसंच.

सकाळी निघताना हातात काय न्यावं कळेना. मिठाई चालणार नाही, फळंही मोजूनच. कपाटावरून ते जाड पुस्तक दिसलं. आमचंच जुनं पुस्तक, त्याला आनंद होईल, म्हणून पिशवीत घातलं. बस बडनेरा सोडून पुढे गेली, मूर्तिजापूर आलं, आणि तिथं चहाला उतरताना पिशवीचा बंद बोटांत रुतला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आंधळ्या झालेल्या माणसाला चित्रांचं पुस्तक भेट द्यायला चाललो होतो. पुस्तक बसमध्येच विसरल्यासारखं करून उतरावं असंही मनात आलं. पण पोरीनं पाठवलेलं. ठेववेना.

जुन्या शहरात त्याचं दोन खोल्यांचं घर. दोन्ही मुली लग्न होऊन गेलेल्या. पुढच्या खोलीत खिडकीशी भाभीचं शिलाई मशीन. ती साड्यांना फॉल लावते, पिको करते. भिंतीवर खिळ्यांना रंगारंगांच्या रिळांच्या माळा लटकलेल्या. तो दिवाणावर बसला होता, पांढरी बनियन, दाढी वाढलेली. माझ्या दिशेनं तोंड केलं खरं, पण नजर माझ्या कानाच्या बाजूनं निघून गेली.

"कोन? मास्तर?" म्हणाला. "पावलं घासत चालतो बे तू. म्हातारा झाला."

मी शेजारी बसलो. त्यानं चाचपडत पिशवीला हात लावला.

"काय आनलं? वीट?"

"पुस्तक आहे," मी म्हटलं. "चुकून आणलं."

त्यानं ते मांडीवर घेतलं. तळहात मुखपृष्ठावरून फिरवला, मधलं पान दोन बोटांत धरून चोळलं, नाकाशी नेलं. "आर्ट पेपर हाय. म्हागाचं काम. कायचं हाय?"

मी सांगितलं. त्यानं पुस्तक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. मला वाटलं, आता रडतो की काय. भाभीनंही मशीन थांबवलं.

"सारेच अंक हाय?" त्यानं विचारलं.

"सारे."

"मंग वाच ना. बसला काहून?"

असं ते सुरू झालं. त्या दिवशी मी दोन अंक वाचले. म्हणजे बुडबुड्यांतलं इंग्रजी मनात वाचायचं आणि तोंडानं वऱ्हाडीत सांगायचं. दोन तासांत माझा घसा बसला. तो मात्र भिंत सोडून पुढे सरकून बसला होता. निघताना भाभीनं दारात हळूच सांगितलं, "चार महिन्यांत पह्यल्यांदा यांनी दुसऱ्यांदा चाय मांगला."

यानंतर न जाणं शक्यच नव्हतं. मग दर रविवारी जायला लागलो. सकाळी साडेसातची बस, साडेदहापर्यंत त्याच्या घरी, दुपारी चारला परतीची बस, आणि पुस्तकाची पिशवी जाता-येता हातात. आठवडाभर पोरांना इंग्रजी शिकवायचं आणि रविवारी मित्राला इंग्रजी सांगायचं. बायको म्हणाली, "तुम्ही आजारी पडाल." मी मान हलवली. दुसऱ्या महिन्यात खरंच खोकला लागला, पण तो कारण म्हणून पुरेसा मोठा नव्हता.

त्रास वाचण्याचा नव्हता, त्याच्या प्रश्नांचा होता. मी सांगायचो, "बाई म्हणते, मी या शहराला वाचवणार नाही." तो विचारायचा, "हात कुठी हाय तिचे?"

"हात... खाली आहेत."

"खाली म्हंजे? मुठी हाय का मोकये हाय?"

मी पुन्हा चित्र बघायचो. "मुठी."

"उजेड कोन्त्या बाजूनं पडून राहिला?"

"अरे, मला काय माहीत!"

"सावली पाह्य ना बे. सावलीच्या उलट्या बाजूले उजेड असते."

कपड्यांचा रंग विचारायचा. मी निळा म्हटलं की तो म्हणायचा, "कोन्ता निया?" निळ्यात प्रकार असतात हे मला कळायचं, पण मला त्यांची नावं माहीत नव्हती. एका चौकटीला पाच प्रश्न, एका पानाला सहा चौकटी. दोन तासांत आठ पानं व्हायला लागली. मला ती गोष्ट आवरायची होती, त्याला ती सोडायची नव्हती. आणि प्रश्न संपले की तो परत भिंतीला पाठ लावून बसणार, हे मला दिसत होतं. त्यामुळे रागावताही येत नव्हतं.

मग मी गाळायला लागलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आधी एखादी चौकट गाळली, जिथं नुसती मारामारी आहे अशी. त्याला कळलं नाही. मग अर्धं पान. पुढे पुढे मी मनातल्या मनात दोन पानं एकदम वाचून घ्यायचो आणि चार वाक्यांत उरकायचो. पोरांना धड्याचा सारांश सांगतो तसा. घड्याळाकडे माझं लक्ष असायचं आणि त्याला घड्याळ दिसत नव्हतं.

सोळाव्या का सतराव्या अंकापर्यंत आलो होतो. उन्हाळा लागला होता. कूलर घरघरत होता, म्हणून मी त्याच्या कानाशी बसून मोठ्यानं वाचत होतो. अंकात लढाई संपते, शहर मोडून पडतं. मी पान उलटलं तर पुढे दोन्ही पानं मिळून एकच मोठं चित्र. एकही बुडबुडा नाही, एकही अक्षर नाही. मला हायसं वाटलं. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला लागलो.

"थांब," तो म्हणाला.

"काय झालं?"

"तू पान पलटवलं."

"हो मग. संपलं ते."

"वाचलं कुठी? पान पलटवल्याचा आवाज आला, अन् लगेच दुसऱ्यांदा आला. मंधातलं पान कुठी गेलं?"

"त्यावर काही लिहिलेलं नाही रे," मी म्हटलं. "नुसतं चित्र आहे."

तो एकदम उठून उभा राहिला. कुठं जायचं हे त्याला माहीत नव्हतं, म्हणून जागेवरच उभा.

"नुसतं चित्र हाय," तो म्हणाला. "नुसतं! असे किती पानं सोडले तू? खरं सांग."

मी पानाचा दुमडलेला कोपरा सरळ करत बसलो.

"मले वाटलंच होतं. मांगच्या हप्त्यात सावलीवाला पोरगा नदीपासून एकदम छतावर कसा गेला बे? मी बोललो नाई. म्हटलं थकला असन. थकला त सांग ना मले! मी काय तुले बोलावाले आलतो? आंधया झालो, बहिरा नाई झालो अजून."

मीही तोल सोडला. "हो, थकलोय," मी ओरडलो. "आठवडाभर घसा फोडतो, सुट्टीच्या दिवशी दोनशे किलोमीटर बस खातो. तुला हात कुठं, पाय कुठं, उजेड कुठून, सगळं पाहिजे. मला नाही दिसत ते! मला कधीच दिसलं नाही!"

बोलून गेलो. आंधळ्या माणसासमोर मी मला दिसत नाही म्हणून ओरडत होतो. मी पुस्तक मिटलं आणि चप्पल शोधायला लागलो.

भाभी मशीनवरून उठली. तिच्या ओठांत सुई होती, ती तिनं ओढणीत खोचली. माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि दिवाणावर बसून उघडलं.

"कोन्तं पान भैया? हे का? दोन पानांचं?"

मी हो म्हटलं.

"बसा तुमी दोघं," ती म्हणाली. आम्ही बसलो. तिला इंग्रजी येत नाही. तिनं त्या चित्राकडे बराच वेळ बघितलं, भरतकामाचा नमुना बघावा तसं.

"पायऱ्या हाय," ती म्हणाली. "दगडाच्या, तुटक्या. वर घर नाई, पडलं. पायरीवर थो बुढा बसला."

"कोन्ता बुढा? न थकनारा?" तो म्हणाला. "थो बसत नाई कधी."

"आता बसला. एक जोडा काढून बाजूले ठेवला. मोज्याले भोक हाय, अंगठा दिसते. बाकीचे सारे दूर उभे हाय, पाठ फिरवून. त्याच्याकडे कोनी पाहून नाई राहिलं. आसमान कसं हाय सांगू? डाळिंबी नाई... भाजलेल्या विटेसारखं, खाली उतरता उतरता मोतिया. अन् याचा झगा हाय ना, थो चिंतामनी."

"चिंतामनी," तो म्हणाला आणि त्याचा चेहरा बदलला. "निया नाई?"

"निया कुठचा! चिंतामनी हाय, धुतलेला. उडाला रंग." मग ती पुस्तकावर वाकली. "अन् हे पाहा. खांद्यापाशी फाटला होता. शिवला कोनीतरी. रफू केलं. धागा जुयला नाई, मोरपंखी लावला. कच्च्या हाताचं काम हाय."

"असं कुठं आहे?" मी पुढे सरकलो. तिनं बोट ठेवलं. खांद्यावर खरोखरच पाच-सहा वेड्यावाकड्या रेषा होत्या. मी त्या बघूनही सावलीच्या रेषा समजलो असतो.

"हे आत्ताच शिवलं का आधीपासून होतं?" त्यानं विचारलं.

भाभी मागे मागे पानं उलटत गेली. आम्ही दोघं वाट बघत बसलो. बाराव्या अंकापर्यंत ती शिवण प्रत्येक चित्रात होती, म्हातारा कुठंही, कितीही लहान असो. अकराव्या अंकात नव्हती, तिथं झगा फाटतानाचं चित्र होतं. आणि बाराव्या अंकाच्या सुरुवातीला एका चौकटीत सगळे टेबलाशी बसून भांडत होते. ती चौकट मी वाचली होती, चांगली आठवत होती, त्यात नऊ बुडबुडे होते. त्या बुडबुड्यांच्या खाली, कोपऱ्यात, लोखंड वितळवणारी बाई मान खाली घालून बसली होती. तिच्या मांडीवर निळसर कापड होतं.

"हिनं शिवला," भाभी म्हणाली. "सुई धरता येत नाई हिले, पाहा, चिमटीत कशी धरली. लोखंड हातात विरघयते ना हिच्या? सुई बी विरघयत असन. तरी शिवला."

पुस्तकात ती बाई आणि म्हातारा यांच्यात प्रेमाचा एक शब्द नव्हता. मी शपथेवर सांगतो, मी प्रत्येक शब्द वाचला होता. ते दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलायचे.

तो म्हणाला, "ज्यानं हे काढलं, त्याले पेंटर म्हनाव." मग थोड्या वेळानं, "मास्तर, बस आता. जेवून जाय."

त्या दिवशी जेवणात डाळ-बट्टी होती. मी खूप जेवलो. भांडणाचा विषय कुणी काढला नाही, मीही माफी मागितली नाही. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांची माफी कधी मागितली नव्हती, आता सुरुवात कशी करायची ते माहीत नव्हतं. पुस्तक मी तिथंच ठेवून आलो. उचलून नेण्याची ताकद नव्हती हे खरंच होतं.

पुढचे दोन रविवार मला जाता आलं नाही. परीक्षा जवळ आल्या होत्या, जादा बॅचेस होत्या. फोन केला तर तो म्हणायचा, "चालू हाय आमचं." काय चालू आहे हे मी विचारलं नाही. मला वाटलं, औषधपाणी.

तिसऱ्या रविवारी गेलो. त्याची दाढी केलेली होती. पुस्तक दिवाणावर उशीजवळ, मधे मधे रंगीत धाग्यांचे तुकडे खुणेला घातलेले. मी बसलो, पाणी प्यालो, चष्मा पुसला आणि म्हटलं, "हं, कुठं होतो आपण?"

भाभीनं त्याच्याकडे बघितलं. मग तीच म्हणाली, "भैया, थे झालं ना खतम."

"काय खतम?"

"किताब. दुपारी मशीनचं काम झालं का मी सांगत होते यांले. शुक्रवारी खतम झाली."

"पण इंग्रजी?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच विचित्र वाटला.

"इंग्रजीचं काय काम पडलं नाई," तो म्हणाला. बोलताना त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. "पह्यल्यापासून घेतलं आमी पुना. पह्यल्या पानापासून. तू सोडलेले पानं बी आले त्याच्यात."

मी चष्मा परत खिशात ठेवला. खरं तर मला सुटल्यासारखं व्हायला हवं होतं. दर रविवारची बस सुटली, घसा सुटला, प्रश्न सुटले. आणि सुटल्यासारखं झालंही. पण त्याबरोबरच दुसरंही काहीतरी झालं. शाळेत कबड्डीला दोन्ही गटांनी आपापली पोरं निवडून घेतल्यावर मी एकटाच उरायचो, तसं वाटलं. मी म्हटलं, "शेवटच्या अंकात काय बोलतात ते तरी वाचून दाखवतो. तिथं मोठं भाषण असेल कुणाचं."

"नको," तो म्हणाला. "थे काय बोलतात थे आमी बसवलं आमच्या मनानं. आता तू खरं सांगशीन त खराब होईन." मग त्याला माझी दया आली असावी. "रागावला का बे?"

"नाही. थकलोय."

"मंग आडवा हो. भाभी सांगते तुले. बसवलेलं सांगते."

मी दिवाणावर भिंतीच्या बाजूला आडवा झालो. त्यानं पाय आखडून मला जागा करून दिली. भाभीनं पुस्तक उघडलं आणि अठराव्या अंकापासून सांगायला लागली. मोडक्या शहरात पुन्हा चुली पेटतात. सावलीवाल्या पोराची सावली हरवते, आणि तो ती प्रत्येक भिंतीवर शोधत फिरतो. ती रंग सांगायची, जांभुळ, कैरी, राखाडी नव्हे, उंदरी. मधे मधे तो तिला दुरुस्त करायचा, "पह्यले तू हात वर हाय म्हटलं होतं," आणि ती म्हणायची, "थे दुसऱ्या पानावर." दोघांची चांगलीच तयारी झाली होती. कुणी आपल्याला गोष्ट सांगतंय आणि आपल्याला तिच्यात काही समजावून द्यायचं नाही, असं मला कितीतरी वर्षांत झालं नव्हतं. न थकणारा म्हातारा पायरीवरून उठून परत जोडा घालतो, इथपर्यंत मला आठवतं. बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहते. तिच्या हातात काहीतरी असतं. भाभी म्हणाली, "आता पाहा, हिच्या हातात काय हाय..." आणि पुढे मी झोपलो.

जागा झालो तेव्हा खिडकीतलं ऊन मशीनवरून सरकून जमिनीवर आलं होतं. अंगावर कुणीतरी चादर टाकली होती. भाभी कुणाच्या तरी साडीचा फॉल लावत होती आणि तो तिला रिळं चाचपून देत होता. पुस्तक मिटलेलं होतं.

"घोरत होता," तो म्हणाला. "लय घोरतो बे तू."

"उठवायचं ना."

"काहून? तुले कुठी परीक्षा द्याची हाय?"

चार वाजून गेले होते. भाभीनं चहा केला, माझा साखरेचा, त्याचा बिनसाखरेचा. बाईच्या हातात काय होतं ते तिनं परत सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. चहा पिऊन मी तोंड धुतलं आणि स्टँडवर आलो. साडेपाचची बस भरलेली होती. मूर्तिजापूरला खिडकीची जागा मिळाली. उघड्या खिडकीतून गरम वारा येत होता. तेवढ्यात आठवलं की सोमवारी सकाळच्या बॅचला टेस्ट आहे आणि प्रश्नपत्रिका अजून काढलेली नाही. घरी जाऊन काढू म्हटलं, आणि डोळे मिटले.